सावंत भाऊजींची वरची मंडळी

घाटकोपरला आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर सगळ्यांच्या डिश एका बाजूला तोंड करून असतात. शेजारच्या सावंत भाऊजींची तेवढी सरळ वर, आभाळाकडे. वाटीसारखी. पाणी साठून तिच्यात डास होतात. घरात टीव्ही नाय. मग डिश कशाला, तर वर ताऱ्यांवर कोणी माणसं राहत असली आणि त्यांनी हाक मारली, तर ती झेलायला.

जो भेटेल त्याला धरतात. दूधवाला, लिफ्टवाला, कोणाची सुटका नाय. "मुंबईत एक खोली रिकामी दिसत नाय, आणि एवढा आभाळ रिकामा? पटता तुका?"

नवऱ्याची गिरणी बंद पडली तेव्हा मी त्यांचं आजारपण काढलं, लोकांची भांडी घासून मुलींची लग्नं केली. वर बघायला मला वेळच नव्हता. आता गच्चीवर पापड वाळत घालायला जाते, तर हे तिथे खुर्ची टाकून बसलेले. "वयनी, वरच्यांका पापड म्हायत आसात काय?" मी म्हटलं, नसलेलं बरं, नायतर मागायला येतील. हसले नायत. विचारात पडले आणि एक पापड त्यांच्या नावाने बाजूला ठेवायला लावला. तो कावळ्याने नेला, तर दिवसभर माझ्याशी बोलले नायत. जसं काय मीच कावळ्याला बोलावलं होतं.

मग सोसायटीने ठरवलं, गच्चीवर सोलर बसवायचं. जुन्या डिश काढायच्या, गच्चीला कुलूप, चावी सेक्रेटरी मेहताभाईंकडे. भाऊजींचं तोंडच उतरलं. बायको गेल्यापासून त्यांची संध्याकाळ त्या खुर्चीतच जाते. मुलगा कॅनडाला, फोन आला तर गणपतीला. पण भांडले नायत. एवढंच म्हणाले, डिश काढायच्या आधी मी गाऱ्हाणं घालणार.

आमच्या कोकणात कामाच्या आधी एकाने देवाला मोठ्याने गाऱ्हाणं घालायचं आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं, अशी रीत. मेहताभाई घड्याळ बघत उभे. मला वाटलं, आता सोसायटीच्या नावाने शिव्याशाप ऐकायला मिळणार.

भाऊजींनी चपला काढल्या, हात जोडले.

"बा म्हाराजा, वर जो कोण एकटो ऱ्हवता, तेच्या झिलाक तेची याद येव दे. सांजवेळार, जेवलास काय म्हणान, तेका कोणीतरी इचारू दे."

झील म्हणजे मुलगा. ओ दिली नाय तर गाऱ्हाणं अर्धंच राहतं. शेवटी मीच म्हटलं, "व्हय म्हाराजा." माझं बघून मेहताभाईंनी पण चपला काढल्या आणि हळूच म्हणाले, "व्हय म्हाराजा."

डिश काढलीच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी भाऊजींचं दार वाजवलं. जेवलात का, विचारलं.

भाऊजी छताकडे बोट करून म्हणाले, "वयनी, म्हणजे तिकडे पण कोणीतरी इचारल्यान आसतला."