तोऊचा परतीचा रस्ता

बहारीनला, गुदैबियाच्या आमच्या खोलीत तोऊ राहायला आला आणि तिसऱ्याच दिवशी, मी दाढी करत असताना, त्याने मला विचारलं, "मैं मर गया, तो पहले किधर जाएगा?"

"हॉस्पिटल," मी म्हटलं.

"मफी, हॉस्पिटल नहीं. पहले ये रूम. फिर लॉन्ड्री के ऊपर का रूम."

तोऊ लाओसच्या डोंगरांतल्या ह्मोंग जमातीचा. अस्करच्या कारखान्यात माझ्याबरोबर वेल्डर होता. लढाईत गाव जळलं तेव्हा नदी ओलांडून तो थायलंडच्या छावणीत आला, आणि तिथून कुणा एजंटाने त्याला बहारीनला आणून सोडलं. त्यांच्यात बाळाची वार घरातच पुरतात. मुलाची असेल तर मधल्या खांबाखाली. वार म्हणजे माणसाचा पहिला सदरा. मेल्यावर आत्म्याने राहिलेल्या एकेका घरी उलट्या क्रमाने जायचं, तो सदरा घालायचा आणि मग पूर्वजांकडे निघायचं. ती घरं कुणीतरी प्रेताजवळ बसून सांगावी लागतात. सांगणारा चुकला तर आत्मा भटकतो. बहारीनमध्ये तोऊला दुसरा ह्मोंग सापडला नाही, तेव्हा ही कामगिरी माझ्या गळ्यात पडली.

वर्षभर त्याने माझा पिच्छा पुरवला. बसमध्ये, जेवताना, मशीन चालू असताना कानात ओरडून. छावणीतली एखादी झोपडी मी गाळली की तो हातातली चपाती खाली ठेवायचा. "एक घर खाया तुम. फिर से, यल्ला."

"अरे, उधर तू सोलह दिन रहा," मी वैतागायचो. तर म्हणे, आत्म्याला दिवस मोजता येत नाहीत.

नदी आली की मात्र तो मला थांबवायचा. तिथे त्याची आई बुडाली होती, आणि गोळीबारात तिला रस्ता सांगायला कुणी थांबलं नव्हतं. हे त्याने एकदाच सांगितलं. त्यानंतर मी कुरकुर न करता पाठ करू लागलो.

पुढे माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. गुंगीतून डोळे उघडले तर तोऊ उशाशी बसून पुटपुटत होता, "गुदैबिया. डोंबिवली. चिपळूण का हॉस्टेल." माझी पाचावर धारण बसली.

"तोऊ, मैं मरता नहीं है."

"मालूम. प्रॅक्टिस," म्हणत तो पुढे निघाला. कुडाळ झालं, आचऱ्याचं आजोळ झालं, आणि मग पडवीमागचा माड, जिथे माझी वार पुरली होती. हे मलाच माहीत नव्हतं. आमच्या खोलीतल्या कदमकडून त्याने माझ्या आईला मराठीत पत्र लिहवून हे सगळं विचारून घेतलं होतं.

"इधर हमारा मराठी आदमी बहुत है," मी कसंबसं म्हटलं.

"आदमी बहुत," तोऊ म्हणाला. "रास्ता किसको मालूम?"

मला रडू फुटलं. टाके दुखत होते, तरी ते आवरेना.