माती ठीक हाय

गेनूभाऊ कुणाच्या घरी गेले, की चपला काढायच्या आधी तुळशीतली चिमूटभर माती उचलून हुंगायचे. माझ्या पुतण्यासाठी पिंपळवंडीला मुलगी पाहायला गेलो, तेव्हा बाकी मंडळी पोह्यांवर आणि हे अंगणात उकिडवे. निघताना त्यांनी निकाल दिला, "माती ठीक हाय. पोरीचं तुमी बघा." लग्न झालं, संसारही बरा चालला. श्रेय मात्र त्यांनी मातीलाच दिलं.

वारूळवाडीत ते माझे शेजारी. घराणं मेंढरं राखणारं, पण ह्यांनी नोकरी धरली ती जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसं काढणाऱ्या कारखान्यात, वॉचमनची. पुढे कारखाना बंद पडला, मालक गेला, मागे काळपट राखेचे ढीग आणि एक हापसा राहिला. नारायणगाव वाढत वाढत त्या जागेला येऊन भिडलं. तिथे आठवडे बाजाराचे ओटे बांधायचं ठरलं, आणि गेनूभाऊंनी माझा पिच्छा पुरवला. आधी माती तपासा, एवढंच त्यांचं म्हणणं.

मी शाळामास्तर, त्यामुळे गावाचे अर्ज लिहिणं माझ्याच कपाळी. अशा बिघडलेल्या जागा तपासून, साफ करून पुन्हा वापरात आणायला सरकारी निधी मिळतो असं कळलं, म्हणून आम्ही पुण्याला खेटे घालू लागलो. तिथल्या कचेरीतल्या साहेबांनी फार शांतपणे समजावलं. निधी फक्त दूषित जागेच्या तपासणीला मिळतो, तेव्हा जागा दूषित असल्याचा तपासणी अहवाल आधी जोडा. गेनूभाऊंनी पिशवीतून त्या जागेची माती भरलेली लोणच्याची बरणी काढली, झाकण उघडलं आणि साहेबांपुढे सरकवली. "हुंगा." साहेबांनी हुंगली नाही. असं काही वर्षं चाललं. बरण्या वाढल्या, साहेब बदलले, उत्तर तेच राहिलं.

शेवटी अक्कल मी पाजळली. शेतकऱ्यांसाठी माती परीक्षण होतं, तिथेच नमुना देऊ म्हटलं. गेनूभाऊंनी कांद्याच्या वावराचा काढतात तसा नमुना काढला. चार कोपऱ्यांत आणि मधोमध खड्डे घेतले, सगळी माती गोणपाटावर कालवली, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकले, उरलेली पुन्हा कालवली, असं अर्धा किलो राहीपर्यंत. मग सावलीत वाळवली. इतक्या निगुतीनं, की राखेखालची माती चांगल्या मातीत पार विरून गेली. शिवाय तिथे पिकाला काय लागतं ते पाहायचे, शिसं कुणी पाहतच नव्हतं. हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

अहवाल थेट साहेबांकडे जावा म्हणून पत्ताही मीच त्यांचा दिला होता. पालाश भरपूर, नत्र कमी, शेणखत घालावे. साहेबांनी त्यावर 'माती योग्य' असा शेरा मारला आणि फाईल बंद केली. ती पुन्हा उघडावी म्हणून मी किती अर्ज केले ते सांगण्यात अर्थ नाही. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

ओटे झाले, बाजार भरू लागला. गेनूभाऊंनी माती हुंगणं सोडलं. बाजारच्या दिवशी मात्र ते सकाळपासून हापशाशेजारी दोन माठ घेऊन बसायचे. पाणी घरच्या विहिरीचं, डोक्यावरून वाहिलेलं. म्हातारा पंचायतीला उभा राहणार, अशी लोक थट्टा करायचे. मलाही ते खूळच वाटलं. एकदा मी म्हटलं, आता पुरे करा, वय झालं तुमचं.

त्यांनी मला पेला भरून दिला. म्हणाले, "गुरुजी, अर्जात तुमी समदं लिवलं. एकच न्हाई लिवलं, कारन मी सांगितलंच न्हाई. ह्या हापशाचं पानी मी रोज हौसाला न्यायचो. लई गार लागायचं तिला."

हौसाबाई त्यांची बायको. पोटातल्या कळांनी वर्षभर तळमळून गेली. कशानं, ते कुणाला सांगता आलं नव्हतं.

एक भाजीवाली कळशी घेऊन हापशाकडे निघाली होती. गेनूभाऊ गुडघ्यावर हात रेटत उठले.

"माय, तितं नको," ते म्हणाले. "हिकडं ये. हे बी गार हाय."