लॅटिमरांचं मूळ गाव

लॅटिमर घराण्यातली माणसं मेल्यावर नाशकाला येतात आणि आमच्या ओट्यावर नोंदीसाठी रांगेत बसतात.

घराणं इंग्रज. मुळात एसेक्स परगण्यातलं, पुढे समुद्रापलीकडे मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत गेलेलं. ते आमचे यजमान आहेत, कारण १६७१ साली त्यांच्यातला नॅथॅनियल लॅटिमर हा गलबताचा सुतार सुरतेच्या वखारीतून दख्खनकडे जाताना तापाने नाशकात अडकला आणि तीन महिने आमच्या घरी पडून होता. आम्ही तीर्थोपाध्ये. आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं, मग नाव, वडिलांचं नाव, मूळ गाव, भाऊबंद, मुलंबाळं विचारून वहीत उतरवून घ्यायचं, हे आमचं पिढीजात काम. नॅथॅनियलला पाणी दिलं, विचारलं, त्याने सांगितलं. एकदा घराणं वहीत आलं की ते कायमचं त्या उपाध्यांचं होतं, मग ते कुठल्याही मुलखातलं असो.

वहीचे नियम दोनच. आईबापाची नोंद झाल्याशिवाय मुलाची होत नाही. आणि वहीत लिहिलेलं खोडत नाहीत.

नॅथॅनियलने सांगितलं ते असं: थोरला भाऊ सॅम्युएल, राहणार मॅसॅच्युसेट्स. सॅम्युएलला मुलगा एक, जोसाया. मुलगी एक, मेहिटेबल, वय बावीस, गेल्या साली वारली, मागे कोणी नाही. आमच्या पूर्वजाने लिहिलं, 'मृत, निर्वंश', आणि रिवाजाप्रमाणे खाली दोन रेघा ओढल्या.

मेहिटेबल वारली नव्हती. लग्न न करता तिला दिवस गेले, तिने बाप कोण ते सांगायला नकार दिला आणि ती घर सोडून दोन दिवसांच्या वाटेवर एका गोठ्यात कामाला राहिली. घरच्यांनी रिकामी पेटी पुरली, गावजेवण घातलं आणि नॅथॅनियलला सुरतेला पत्र पाठवलं की मुलगी गेली. पुढे तिचा मुलगा एबेनेझर सहा वर्षांचा झाल्यावर भावाने, म्हणजे जोसायाने, त्याला उचलून नेलं आणि स्वतःचा म्हणून वाढवलं. मेहिटेबल खरोखर वारली ती १७१४ साली, सहासष्टाव्या वर्षी. रीतसर नाशकाला आली. तोवर सॅम्युएल आणि जोसाया नोंद करून पुढे गेले होते. सॅम्युएलने मुलीबद्दल चकार शब्द लिहिला नव्हता. जोसायाने मात्र स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'अपत्य नाही.' मेल्यावर निदान तेवढं तरी खरं.

तेव्हाच्या उपाध्यांनी वही उघडली आणि मेहिटेबलला सांगितलं, "बाई, तुम्ही चव्वेचाळीस वर्षांपूर्वीच वारला आहात. दुसऱ्यांदा घेता येणार नाही."

"मग मी बसते," ती म्हणाली आणि वरच्या पायरीवर बसली.

तिची नोंद नाही म्हणून एबेनेझरची नाही, एबेनेझरची नाही म्हणून त्याच्या मुलांची नाही. एकेक जण वारला की येतो आणि रांगेच्या शेवटी बसतो. मागच्या श्रावणात मी मोजले तेव्हा एकशे त्र्याऐंशी होते. रांग ओट्यावरून उतरून भिंतीकडेने पिठाच्या गिरणीच्याही पुढे जाते. त्यांचा कोणाला त्रास नाही. पोस्टमन त्यांना जरा सरका म्हणतो, ते सरकतात. कुंभमेळ्यात पोलिसांनी एकेरी रांग करायला लावली तेवढंच. हे लोक मराठी बोलतात. जिवंत लॅटिमर इंग्रजी बोलतात. असं का, ते आम्ही कधी विचारलं नाही.

आता घरात वह्या बघणारे दोघंच. माझे काका विनायकराव, वय एकोणऐंशी, आणि मी, शरयू. काकांना दिसत नाही, म्हणून मी लिहिते आणि ते सही करतात. लहानपणी मी मेहिटेबलबाईंच्या शेजारी बसून पाढे पाठ केले आहेत. घरात कोणी त्यांचा विषय काढला की काका म्हणायचे, "नियम आहे." मला तेव्हाही राग यायचा.

डग्लस लॅटिमर मार्चमध्ये आला. जिवंत. वय चौऱ्याहत्तर, जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त, उंच, उन्हाने लाल झालेला, हातात कातडी पाकीट. तिकडे आद्य वसाहतवासी वंशज मंडळ नावाची एक संस्था आहे, तिचं सभासदत्व त्याला हवं होतं. त्यासाठी वसाहतीतल्या पहिल्या पुरुषापासून स्वतःपर्यंत एकही कडी न तुटलेली वंशावळ सादर करावी लागते. अर्ज त्याने अर्धा भरून आणला होता. सॅम्युएल, जोसाया, एबेनेझर, आणि खाली थेट डग्लसपर्यंत.

"जोसाया आणि एबेनेझर यांच्यामध्ये तुमचा शिक्का हवा," तो म्हणाला. "बाकी सगळं चर्चच्या दप्तरात मिळालं."

मी त्याला वही दाखवली. जोसायाची ओळ वाचून दाखवली. मग त्याला ओट्यावर नेलं आणि म्हटलं, "ही तुझी पणजीची पणजी, आणखी बरीच वरची. मधली कडी ही आहे."

डग्लसने मेहिटेबलबाईंकडे पाहिलं, मग अर्जाकडे पाहिलं. "अर्जात हिच्यासाठी रकाना नाही," तो म्हणाला. उद्धटपणे नाही, अडचण सांगावी तसं.

काकांनी तोडगा काढला. काका तोडगे चांगले काढतात. "खोडता येत नाही, पण भर घालता येते. जोसायाच्या नोंदीखाली लिहू, दत्तकपुत्र एबेनेझर. त्याची नोंद झाली की मागच्या सगळ्यांची होईल. संध्याकाळपर्यंत रांग मोकळी. यांचा अर्जही होईल."

"आणि मेहिटेबलबाई?"

"त्यांची नोंद आहे की. निर्वंश."

हे सगळं ओट्यावरच चाललं होतं, त्यामुळे मेहिटेबलबाईंनी ऐकलं. त्या उठल्या नाहीत. "माझा मुलगा जोसायाने एकदा नेला," त्या म्हणाल्या. "मी त्याच्या दारात गेले तर कुत्रा सोडला. आता तुम्ही कागदावर नेणार. नाही. मी इथून हलणार नाही."

"अहो, पण एकशे त्र्याऐंशी माणसं तुमच्यामुळे खोळंबली आहेत," काका म्हणाले. "त्यांचा तरी विचार करा. त्यांना विचारू या का?"

"विचार," त्या म्हणाल्या.

हे रीतीला धरून होतं, म्हणून मी हजेरीचा कागद घेतला आणि निघाले. डग्लस मागोमाग आला. मला खरं सांगायचं तर धास्ती वाटत होती. तीनशे वर्षं बसलेली माणसं, आणि समोर कोणी म्हणतंय की चला, आत या. मीही कदाचित उठले असते.

पहिला एबेनेझर. तो एक्याऐंशीव्या वर्षी वारला, त्यामुळे आईपेक्षा म्हातारा दिसतो. त्याला मी तोडगा समजावून सांगितला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"जोसायामामा वाईट नव्हता," तो म्हणाला. "मला लिहायला वाचायला शिकवलं. पण जेवताना मी आईचं नाव काढलं की माझं ताट उचलायचा. मी बसतो."

मी त्याच्या नावापुढे 'बसतो' असं लिहिलं. पुढचीही तेच म्हणाली. तिच्या पुढचा तर प्रश्न पुरा व्हायच्या आतच म्हणाला. दोन सकाळी आणि एक दुपार गेली. एक जण, गेल्या शतकातला विमा कंपनीतला गृहस्थ, थोडा घुटमळला, कारण त्याला पायऱ्यांवरचा गारठा सोसत नाही. मग म्हणाला, "आजी वर बसलीय ना? मग लिही, बसतो."

गिरणीसमोर वॉल्टर लॅटिमर बसला होता. तो १९९१ साली वारला. डग्लस त्याच्यासमोर थांबला आणि त्याच्या हातातलं पाकीट खाली पडलं.

"हे माझे वडील," तो मला म्हणाला.

वॉल्टरला आता इंग्रजी येत नव्हती. डग्लसला मराठी येत नव्हती. मी मध्ये उभी राहिले.

"त्याला सांग," वॉल्टर म्हणाला, "बाप तेहतीस वर्षं गिरणीसमोर बसलाय, अजून बसेल. आजीला ओलांडून आत जायचं नाही. आणि म्हणावं, टोपी घाल. इथलं ऊन वेगळं आहे."

मी सांगितलं. डग्लसने टोपी घातली आणि वडिलांच्या शेजारी भिंतीला टेकून बसला. मी पुढच्या सहा जणांची नावं घेऊन परत आले.

काकांना मी कागद वाचून दाखवला. एकशे त्र्याऐंशी वेळा बसतो. काका म्हणाले, "नियम आहे, शरयू. मी काय करू?"

"विन्या," मेहिटेबलबाई पायरीवरून म्हणाल्या. काकांना विन्या म्हणणारं आता दुसरं कोणी उरलेलं नाही. "तू रांगत होतास तेव्हा या पायरीवरून तीनदा पडता पडता वाचलास. धरलं कोणी?"

काका म्हणाले, "तुम्ही."

"मेलेली आणि निर्वंश बाई मूल धरते का?"

मी आत गेले, चप्पल घातली, मेनरोडला जाऊन लाल कापडी बांधणीची कोरी वही आणली आणि ओट्यावर मांडी घालून बसले.

"काय करतेस?" काकांनी विचारलं.

"नवी वही उघडते."

"वही घरातला कर्ता पुरुष उघडतो. तुला अधिकार नाही."

"नसेल," मी म्हटलं. "उघडते." पहिल्या पानावर श्री लिहिला. त्याखाली मी 'मूळ पुरुष' असं लिहिलं आणि त्यापुढे लिहिलं, 'मेहिटेबल'.

लिहिताना मी पुटपुटत होते ते ऐकून काका म्हणाले, "अगं, तिथे बाईचं नाव?"

"या वहीत यांच्याआधी कोणी आहे का?"

काकांनी विचार केला. काका कितीही कडक असले तरी खोटं बोलत नाहीत. "नाही," ते म्हणाले.

मी मेहिटेबलबाईंकडे वळले. "वडिलांचं नाव?"

"रिकामं ठेव," त्या म्हणाल्या. "त्यांनी रिकामी पेटी पुरली होती ना. तसंच."

मी रिकामं ठेवलं. "पतीचं नाव?"

"तेव्हा सांगितलं नाही, आता कशाला सांगू?"

"अपत्य?"

"एबेनेझर." हे त्या इतक्या मोठ्याने म्हणाल्या की गिरणीवाला बाहेर येऊन बघायला लागला. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"मूळ गाव?"

इथे त्यांनी हात पुढे केला. मी लेखणी दिली. त्यांनी ठळक अक्षरात लिहिलं, 'नाशिक'.

मी ते मोठ्याने वाचलं तसे काका दचकले. "अहो बाई, एसेक्स! तुमचं मूळ गाव एसेक्सकडचं."

"एसेक्समध्ये बाप जन्मला. मी ते पाहिलंही नाही. वसाहतीत सहासष्ट वर्षं काढली, त्यातली चव्वेचाळीस मेलेली म्हणून. इथे तीनशे दहा वर्षं बसले, आणि इथल्या एकाही माणसाने मला तू नाहीस असं म्हटलं नाही. नोंद नाही म्हणाले, तू नाहीस असं नाही."

"पण मग हे सगळे, मागचे, पुढचे, तिकडचे जिवंत, सगळे नाशिककर होतील! ही ओळ तर खोडायलाच..." काका मध्येच थांबले.

"वहीत लिहिलेलं खोडत नाहीत, विन्या," मेहिटेबलबाई म्हणाल्या आणि उभ्या राहिल्या.

काकांनी चाचपडत लेखणी मागितली आणि खाली सही केली.

मग एबेनेझर आला, मग त्याची मुलं. दर वेळी मूळ गावाच्या रकान्यात मी तेच लिहीत गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी वॉल्टरचा नंबर लागला. त्याने मुलाच्या टोपीवर हात ठेवला, नाव लिहिलं आणि आत गेला. ओटा मोकळा झाला. पोस्टमनने विचारलं, "सगळे कुठे गेले?" मी म्हटलं, "नोंद झाली." तो बरं म्हणाला.

डग्लसने अर्जातली वरची दोन नावं काढून मेहिटेबलचं नाव घातलं, रकाना नसल्यामुळे समासात, आणि मूळ गाव नाशिक असं भरलं. मी शिक्का दिला. मंडळाने अर्ज परत पाठवला. मूळ गावाची दुरुस्ती करून फेरसादर करावा, असा शेरा होता.

त्याने मंडळाला पाठवलेल्या उत्तराची एक प्रत मला आली आहे. त्यात एवढंच आहे की दुरुस्ती होणार नाही, आमच्यात वहीत लिहिलेलं खोडत नाहीत. सोबत मला वेगळी चिठ्ठी होती. तब्येत बरी आहे, टोपी घालतो, आणि दिवाळीत गावी येतोय.