झुलालआप्पांचं अडलेलं चाक

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. लिहिणं हे मोठ्या घरच्या मोठ्या माणसांचं काम, अशीच माझी समजूत आहे. तेव्हा या धिटाईबद्दल वाचकांनी मला क्षमा करावी. आमच्या म्हसावदच्या झुलालआप्पांवर लिहायला दुसरं कोणी तयार असतं, तर मी गप्प बसलो असतो.

झुलालआप्पा रोज सकाळी आपल्या मोटरीच्या मागच्या चाकाशी बोलत. मोटर म्हणजे माल वाहणारी लॉरी. उकिडवं बसायचं, चाकाच्या गंजलेल्या नटांवर चमच्याने एरंडेल सोडायचं आणि हळू आवाजात विचारायचं, "झोप लागनी ना माय?" चाक काही बोलत नसे. आप्पा थोडा वेळ वाट पाहत आणि मग दुसऱ्या चाकाकडे सरकत.

शेजारी म्हणून रोज हे दृश्य पाहून मी आधी हसलो, मग सवय झाली, आणि शेवटी शेवटी तर ते पाहूनच मला थकवा येऊ लागला. चैत्र संपत आला होता. ऊन असं की नुसतं बसलेला माणूसही दमावा. आणि हा साठीचा गृहस्थ निंबाच्या तोकड्या सावलीत दिवसभर त्या लोखंडाची मनधरणी करत बसलेला.

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईआधी आप्पा या मोटरीतून शहाद्याचा कापूस नंदुरबार स्टेशनला पोचवत. लढाईत पेट्रोलची कुपनं आली आणि मोटर निंबाखाली उभी राहिली. चोर नेतील म्हणून आप्पांनी हातब्रेक करकचून ओढून ठेवला. तालुक्यात थेंबभर पेट्रोल नव्हतं, तर चोर ती काय डोक्यावर घेऊन जाणार होता? पण आप्पांना विचारणार कोण! पावसाळ्यामागून पावसाळे गेले. ओढलेल्या ब्रेकचे जबडे चाकामागच्या ड्रमला आतून गंजाने असे चिकटले, की चाक आणि मोटर एकजीव झाली.

लोहार म्हणाला, "आप्पा, भट्टी लावू, घन मारू, दुपारलोंग मोकळं करू."

आप्पा उसळले. "आंडेरले लेवाले जानारी गाडी शे ही! तिले घन मारतस का? ती रुसेल शे, बिघडेल नही."

"रुसेल शे, बिघडेल नही" हे आप्पांचं सगळ्याच बाबतीतलं मत होतं. विहिरीचा रहाट, भाऊबंद, दुखरा गुडघा, सगळे रुसलेले. बिघडलेलं जगात काही नव्हतंच.

आंडेर म्हणजे त्यांची एकुलती लेक, वच्छला. खांडबाऱ्याला दिली होती. लग्नाच्या दिवशी तिला याच मोटरीतून सासरी पाठवायचं ठरलं होतं, पण ऐन वेळी मोटरीच्या चाकांचा आस तुटला आणि नवरी बैलगाडीतून गेली. तेव्हा विहीणबाई काहीतरी बोलल्या. "नावनीच मोटर दिखस," असं. झालं! आप्पांनी मांडवात सांगून टाकलं, "आखाजीले मी मोटर लईसनच तुमना दारशी येसू."

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशीण माहेरी येते, झोके घेते, गाणी म्हणते. पण आपली आपण येत नाही. तिला न्यायला माहेरचा मुराळी जावा लागतो. वच्छलाला भाऊ नाही, आई वारलेली. मुराळी म्हणून जाणारे एक आप्पाच. आणि आप्पा मोटरीशिवाय जायला तयार नव्हते. आस नीट होतो तोच कुपनं आली; लग्नानंतर एकही आखाजी तिने माहेरी पाहिली नव्हती.

लढाई संपली, पेट्रोल मिळू लागलं. या आखाजीला जायचंच, असा आप्पांनी निश्चय केला.

उजवीकडचे नट एरंडेलाला वश झाले. डाव्या बाजूला तालमीतली चार पोरं बोलावली. पान्ह्यात लोखंडी नळी अडकवून ती नळीला लोंबकळली. घामाने भिजली, एकाची लंगोटी सुटायची वेळ आली. आप्पा आंघोळ करून आले, क्षणभर पाहत राहिले.

"पैलवान, खोली ऱ्हायनात का कसी ऱ्हायनात? डावी बाजूना आटा उलटा ऱ्हास!"

पोरांनी नळी टाकली आणि तिथेच मातीत आडवी झाली. त्यांनी कसलेलं सोडवायला आणखी वेळ गेला.

चाकं निघाली, ड्रम राहिले. कपडे धुवायची लाकडी मोगरी घेऊन आप्पा ड्रमच्या कडेकडेने ठोकत. टक्, टक्, टक्. घरी बसून वाचताना तो आवाज माझ्या डोक्यात शिरे. जोरात नाहीच, लहान मुलाला थोपटावं तसं. मी एकदा म्हटलं, "आप्पा, आगगाडीने जा ना. नंदुरबारहून थेट खांडबारा."

"ओ कॉलेज," ते म्हणाले, "रूळवर चालस ती काय गाडी शे? तिले आंधळा बी हाकी."

एका दुपारी डावा ड्रम अचानक सुटला आणि खालच्या दगडावर पडला. मध्ये आप्पांचा उजवा हात होता. दोन बोटं ठेचली. हळद-चुना भरून फडकं बांधलं, आणि आप्पा उजव्या ड्रमकडे वळले. आता डाव्या हाताने ठोकू लागले. टक्... टक्... आवाजातलं अंतर रोज वाढत गेलं.

आखाजी तोंडावर आली. एक दिवस तो आवाज बंद झाला म्हणून मी बाहेर आलो. आप्पा मोटरीला पाठ टेकून बसले होते, मोगरी बाजूला पडलेली.

"आते नही निंघस ती," ते म्हणाले. मग जमिनीकडे पाहत म्हणाले, "चाल कॉलेज, तुन्ही आगगाडी दखाड माले."

बैलगाडी, तापीची नाव, पुन्हा बैलगाडी आणि मग आगगाडी. डब्यात आप्पा एकदा खिडकीतून खाली वाकून म्हणाले, "इले ब्रेक बरा शे."

दुसऱ्या दिवशी खांडबाऱ्याला पोचलो तेव्हा विहीणबाई ओट्यावरच होत्या. आम्हाला पाहून त्या उठल्याच.

"याही, तुम्ही आठे? वच्छी तं काल सकायमाच म्हसावदले गई!"

आप्पांना कळेना. "कोनासंगे?"

"एकलीच. मुराळी नही, काही नही. बाजारमा तुमना गावना मिरचीवाला उनता. त्यानी सांगं, आप्पाना हात ठेचायना. मंग ती कोनं आयकस?"

आप्पा ओट्यावर बसले. "मी मोटर लई येवाव व्हतू," ते पुटपुटले. "तुम्ही मांडवमा बोलनात ना..."

"मी? मी काय सांगं? माले तं याद बी नही." विहीणबाईंचा आवाज खाली आला. "मोटर कोनले जोयजे व्हती, याही? दर आखाजीले गठोडं बांधीसन ती आठेच बठे. तुम्ही पायी उनात तरी निंघती."

वाटेत कुठेतरी बापलेक एकमेकांना ओलांडून गेले होते.

आप्पांनी विचारलं, "भाकर खाईसन गई ना ती?"

"नही खादी. म्हने, आप्पाना हातले पट्टी शे, त्या उपाशी व्हतीन. घर जाईसन पहिले चूल पेटाडसू, मंग दोन्ही बापलेक संगेच जेवसूत."

आप्पांचा फडकं बांधलेला हात कमरेकडे गेला. करगोट्याला घराच्या कुलपाची किल्ली होती.