रबरी पोटाचं गाऱ्हाणं

माझ्या हाताखाली शिकलेला डॉक्टर डोळे मिटूनसुद्धा अपेंडिक्स काढेल, असं मी कणकवलीत डॉक्टरांच्या सभेत छातीठोकपणे सांगितलं होतं. माझ्या अपेंडिक्सने ते ऐकलं असावं!

ही दोन हजार नऊ सालची गोष्ट. मसुऱ्यातल्या माझ्या छोट्या हॉस्पिटलला गावच्याच एका मुंबईकराने शस्त्रक्रिया शिकवणारं यंत्र भेट दिलं. रबरी पोट, आत तारा, बाजूला पडदा. नवशिक्या डॉक्टरने त्या पोटात हत्यारं चालवायची. चुकलं तर पडद्यावर पेशंट मरतो, जमलं तर मार्क मिळतात. जित्याजागत्या माणसावर शिकण्यापेक्षा हे बरंच.

पण आमच्याकडे नवी वस्तू देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू होत नाही. गावचे मानकरी बाबलीकाका नारळ घेऊन यंत्रासमोर उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, ह्या मशिनीत जो कोण हात घालीत, तेका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे एका सुरात ओरडलो.

काकांनी नारळ थेट यंत्राच्या कडेवर फोडला. पाणी फटीतून आत गेलं. मी वरवर पुसलं आणि विसरून गेलो.

त्यानंतर यंत्रावर कुणी मेलंच नाही. नुकतीच सर्जन झालेली योगिनी माझ्याकडे शिकत होती, तिला पहिल्याच दिवशी शंभर. मलाही शंभर. याचं सगळं श्रेय मी माझ्या शिकवण्याला दिलं आणि ती सभा गाजवून आलो.

मग आंगणेवाडीची जत्रा आली आणि नेमकं त्याच सकाळी माझं पोट दुखायला लागलं. दुपारपर्यंत निदान माझं मलाच कळलं: अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. जत्रेच्या गाड्यांनी रस्ते चहूबाजूंनी तुंबलेले. ॲम्ब्युलन्स फाटकाबाहेर गेली आणि तशीच मागे आली. भूल देणारे डॉक्टर हजर होते, सर्जन मात्र दोनच. एक मी, आडवा. दुसरी योगिनी, जिने एकटीने खऱ्या पोटाला अजून हात लावला नव्हता. आत फुटलं तर मी संपलो, हे मला कुणी सांगायला नको होतं. मी भयंकर घाबरलो.

स्ट्रेचरवरून नेताना वाटेत शिकवणीची खोली लागते. योगिनी सकाळी सराव करून यंत्र चालूच ठेवून गेली होती. खोलीत चिटपाखरू नव्हतं. रबरी पोटाला कुणी हात लावत नव्हतं, आणि पडद्यावर थोड्या थोड्या वेळाने अक्षरं उमटत होती. पेशंट सुखरूप, शंभर. पुन्हा शंभर. पुन्हा शंभर.

मला तो नारळ आठवला.

योगिनी टेबलावर वाकली. मास्कच्या वर तिचे डोळेच दिसत होते, तेही भरलेले.

"सर, माझे शंभर खरे होते ना?"

भूल चढत होती. ती आता कचरली असती तर मी मेलोच असतो.

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो.

जाग आली तेव्हा बाबलीकाका जत्रेतून देवीचा प्रसाद घेऊन उशाशी बसले होते. जीव वाचला. व्रण मात्र एवढा लांब, की आत नेमकं काय शोधत होते असं बायको अजून विचारते.

पुढे मी यंत्र दुरुस्त करून घेतलं आणि योगिनीला सगळं सांगून टाकलं. ती पहिल्यापासून पुन्हा सरावाला बसली, आणि आता यंत्रावर तिचे बहुतेक पेशंट वाचतात.

मीही रोज बसतो, दाराला आतून कडी घालून. रस्त्यात जुने पेशंट नमस्कार करतात तेव्हा त्यांच्याकडे बघवत नाही. यंत्रावरचा माझा पेशंट अजून एकदाही वाचलेला नाही.