तात्यांचा सात नंबर अर्ज

तुमच्या मुलीच्या मोबाईलला तुम्ही पाण्याची पाळी लावाल का? आमच्या शेजारच्या भानुदास तात्यांनी लावली.

तात्या राहुरीजवळच्या कालव्यावर पाटकरी होते. कोणत्या शेताला कधी आणि किती पाणी सोडायचं, ते दार त्यांच्या हातात. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण हात अजून दारावरच आहे. "पानी मागंल तेवढं द्यायचं नसतं, पेलंल तेवढं द्यायचं," हे त्यांचं वाक्य घरच्या टीव्हीला, नळाला आणि शेजारणीच्या चहातल्या साखरेलाही लागू होतं. कालव्याच्या शेवटच्या टोकाला, म्हणजे टेलला, आधी पाणी पोचलं पाहिजे, हा त्यांचा दुसरा नियम. माझ्या चुलतभावाच्या लग्नात त्यांनी बुंदीची बादली ताब्यात घेतली आणि पंगतीच्या शेवटच्या पानापासून वाढायला सुरुवात केली. पहिल्या पानावर, म्हणजे कालव्याच्या भाषेत हेडला, नवरदेवाचे मामा बसले होते. त्यांच्यापर्यंत बुंदी आलीच नाही. मामा ताडकन उठले, तेव्हा तात्या म्हणाले, "हेडवाल्यांनी जरा कळ काढायला शिकावं."

त्या दिवसापासून हा माणूस मला आवडतो.

लग्नानंतर बारा वर्षांनी तात्यांना मुलगी झाली, ऋतुजा. तिची आई तीन वर्षांपूर्वी गेली. दहावीनंतर ऋतुजा संगमनेरला मावशीकडे राहून अकरावीला जाऊ लागली. तिथे तिने सोशल मीडियावर खातं काढलं आणि तात्या आपला मोबाईल घेऊन माझ्याकडे आले.

"त्याला दार बसवता येतं म्हनं. बसव."

पालकांनी देखरेख ठेवायची तशी सोय असते. मुलीने किती वेळ बघितलं ते बापाला कळतं, आणि ठरलेला वेळ संपला की खातं बंद होतं.

"रोज एक तास ठेवू?" मी विचारलं.

"रोज? अगं, आठ दिवस सोडायचं, वीस दिवस बंद. पीक मरत न्हाई."

"असं आवर्तन त्यात नाही, तात्या. आणि मला हे पटतही नाही. पोरीचं स्वतःचं काही असू द्या. पहारा म्हणजे माया नव्हे."

"व्हय का? तुज्या त्या संघटनेच्या पुढच्या पत्रकात छाप ते. आधी दार बसव."

तात्यांचंही खातं काढून ते बसवलं. जास्त वेळ हवा असला की ऋतुजाने विनंती पाठवायची आणि तात्यांनी ती मंजूर करायची. शेतकरी पाण्यासाठी भरतात तो सात नंबरचा अर्ज. या विनंतीलाही तात्या सात नंबर अर्जच म्हणायला लागले. अर्ज आला की लगेच फोन लावायचे.

"कशासाठी पायजे? पिकाचं नाव सांग."

"पप्पा, मैत्रिणीच्या वाढदिवसाचे फोटो आहेत."

"किती गुंठे?"

पोरगी फोन ठेवून द्यायची. हळूहळू तिने अर्ज करणं सोडलं. मग फोन उचलणंही कमी झालं. उचललाच तर "अभ्यास चालूय", एवढंच.

दिवाळीत ती घरी आली आणि थेट माझ्याकडे येऊन रडली. "ताई, वर्गात मला 'पाटबंधारे' म्हणतात. काढायला लाव ना ते."

मी तरातरा गेले. तात्या ओट्यावर बसले होते. हक्क, विश्वास, स्वातंत्र्य, जे जे येतं ते सगळं मी बोलले. भांडणाची पूर्ण तयारी होती. तात्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला.

"काढ."

मी काढायला लागले, तेव्हा ते पाटाकडे बघत बोलत होते. "ती काय बघती, ते मी कधी बघितलं न्हाई. मला येतच न्हाई ते. पन रोज साडेचारला तिच्या मिनिटांचा आकडा हलायचा. म्हंजे कॉलेज सुटलं, पोरगी घरी पोचली. श्रावनात दोन दिवस आकडा हललाच न्हाई. मी मावशीला फोन लावला. पोरगी तापानं फनफनली हुती. मला कुनी सांगितलं नव्हतं."

माझं बोट थांबलं. "राहू द्यायचं का?"

"न्हाई. तू बोललीस ते खरं हाय. काढ."

मी काढलं. ते काढायलाच हवं होतं, असं मी आजही म्हणेन. मात्र ओट्यावरून उतरताना मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मीच सुचवलं, तुमचं खातं आहेच, तर इतरांसारखी तिला फॉलो रिक्वेस्ट पाठवा. तिने होकार दिला की तिचे फोटो तुम्हाला दिसतील. तात्यांनी खात्याला नाव दिलं 'पाटकरी राहुरी'. फोटो लावला कालव्याच्या दाराचा. त्यात माणूस नाही. ऋतुजा संगमनेरला परतली, त्या दिवशी अर्ज गेला.

महिना झाला. रोज साडेचारला ओट्यावरून हाक येते, "बघ गं, मंजूर झाला का?"

"नाही, तात्या. हा कोण ते तिला कळलंच नसेल. मी फोन करून सांगते तिला."

"खबरदार! तीस वर्षं कुनाचा वशिला चालू दिला न्हाई, आता लेकीपाशी लावू? दार तिच्या हातात हाय. मी बी लई लोकांना अर्ज घेऊन बसवून ठेवलंय." मग मोबाईल खिशात ठेवत म्हणतात, "टेलला बसल्यावर कळतंय, पानी किती लांब असतं ते."

म्हणून ऋतुजाला मी काही सांगत नाही. तुम्हाला सांगते. आज तुमचा मोबाईल उघडा. पडून राहिलेल्या विनंत्यांत एखादं विचित्र नाव असेल, फोटोत माणूस नसेल, नुसता पाट असेल, नाहीतर गोठ्यातली गाय असेल. लगेच पुसून टाकू नका. नीट बघा. तुमच्याच घरचं कुणी निघालं, तर अर्ज मंजूर करा.

आणि पिकाचं नाव विचारू नका.