नळ्या साफ, पंप जुना, नग एक

बसा हो, दारात काय उभे राहिलात! एका पंपमिस्त्रीची गोष्ट सांगतो. एक अक्षर इकडचं तिकडं करणार नाही, आणि केलंच तर तुमच्या भल्यासाठी करीन.

तर हा मिस्त्री एका भल्यामोठ्या कचेरीत कामाला. सहा मजले चढायचे, गच्चीवरच्या टाक्या बघायच्या, उतरायचं, तळघरातला पंप बघायचा, परत चढायचं. लिफ्ट होती, पण ती साहेबलोकांची आणि फायलींची. बावीस वर्षं गडी चढला. गेल्या सहा महिन्यांत मात्र तिसऱ्या मजल्यावरच धाप लागायला लागली. कठडा धरून असा उभा राहायचा, की येणारे-जाणारे त्यालाच खोली नंबर विचारायचे.

शेवटी बायकोनं धरून दवाखान्यात नेला. डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या.

"मिस्त्री, हृदयाच्या नळ्या साफ आहेत. कुठंच अडलेलं नाही."

"मग सुटलो म्हणायचं!"

"ऐका तर. बारा वर्षं साखर वाढलेली ठेवलीत तुम्ही. तिनं हृदयाचा स्नायूच ताठ करून टाकलाय. नळ्या ठीक, पंप थकलाय."

हे मिस्त्रीला एका फटक्यात कळलं. आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टर त्याच्या भाषेत बोलत होती.

"गोळ्या वेळेवर, साखर ताब्यात, आणि मी सांगेपर्यंत हे रोजचे जिने बंद. नाहीतर पंप एक दिवस बसेल," बाई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "अहो, खालचं काम मागून घ्या. हातात कागद असल्याशिवाय घरी येऊ नका."

कचेरीत कर्मचारी कल्याण कक्ष होता. सहाव्या मजल्यावर. मिस्त्री अर्ध्या तासात पोचला. तिथल्या फॉर्मबाईंनी चष्मा चढवला.

"हलकं काम हवंय? नळीत अडथळा आहे?"

"नाही."

"अभिनंदन. मग हृदयरोग नाही."

"अहो बाई, साखरेमुळं झालंय."

"साखरेचा फॉर्म वेगळा. पायाला जखम आहे?"

"नाही."

"मग पाय धड आहेत. चढा की!"

"ते दोन्ही एकच हो. साखरेनंच हृदयाचा स्नायू..."

"दोन फॉर्म एकत्र टाचायचे नाहीत, असा नियम आहे," बाई म्हणाल्या, आणि टाचणयंत्र खणात ठेवून कुलूप लावलं.

पण बाई मनाच्या चांगल्या. त्यांनी अर्ज समितीपुढं ठेवला. समितीनं चहा घेऊन निर्णय दिला : 'सदर कर्मचाऱ्याच्या नळ्या निर्मळ आढळल्याने हलके काम अनुज्ञेय नाही. उलटपक्षी, अशा सुदृढ कर्मचाऱ्याचा लाभ शेजारच्या इमारतीसही मिळावा.' शेजारची इमारत आठ मजल्यांची.

घरी बायकोनं कागद वाचला. "हे काय आणलंत? मी आणायला सांगितला तो हा कागद?"

"मी सुदृढ आहे म्हणे."

"मग बूट तरी बसून काढताय कशाला?"

मिस्त्रीनं दुसरा बूटही बसूनच काढला. वाकलं की दम लागत होता.

चार दिवसांनी साहेबांच्या खोलीतल्या नळाला नुसतं थेंब-थेंब पाणी यायला लागलं. मिस्त्रीला बोलावणं आलं. त्यानं तळघरापासून वरपर्यंत सगळं तपासलं, आणि साहेबांच्या दाराची चौकट धरून उभा राहिला.

"साहेब, नळ्या साफ आहेत. पंप थकलाय."

"अरे, मग नळ्या साफ असून करायचंय काय? पंपच ओढत नाही म्हटल्यावर पाणी येणार कुठून? आधी त्याच्यावरचा भार कमी कर. दोनच मजल्यांना पाणी दे, वरचं टँकरनं आणू. त्याला विश्रांती, तपासणी, जे लागेल ते. जळला तर जबाबदार कोण?"

सही पाच मिनिटांत झाली. मिस्त्री बघतच राहिला.

"साहेब, माझं अगदी असंच आहे."

"तू यंत्रसामग्रीच्या वहीत आहेस का?"

"नाही."

"मग?"

मिस्त्री सरळ भांडारात गेला. भांडारवाला त्याचा जुना दोस्त. त्यानं सगळं ऐकलं, शाई झटकली आणि वहीत लिहिलं : 'पंप, जुना, नग एक. नळ्या साफ. चालत येतो.'

झालं! दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला. पंपाला जिने चढवू नयेत. पंपाची दरमहा तपासणी व्हावी. तपासणीविना चालवल्यास संबंधित अधिकाऱ्यावर कारवाई होईल. त्या कारवाईच्या धाकानं साहेब रोज सकाळी स्वतः फोन करायचे, "मिस्त्री, गोळी घेतलीस का रे? साखर किती आली?" तीन महिन्यांत साखर ताब्यात आली, धाप पुष्कळ कमी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "स्नायू अजून ताठच आहे, पण गडी सावरतोय." आणि बायको एकदाची हसली.

आता ही गोष्ट झाकून राहते होय! टायपिस्ट छपाईयंत्र झाला. पाठीचं दुखणं असलेला शिपाई ढकलगाडी झाला. फॉर्मबाईंना गुडघ्यांचा त्रास, त्या टाचणयंत्र झाल्या. शेवटी साहेब हळूच भांडारात आले.

"माझंही बघ काहीतरी. बीपी आहे."

"काय म्हणून लिहू साहेब?"

"तूच सांग."

"पंखा लिहितो. वर असतो, आवाज करतो."

वर्षाअखेरीला कल्याण कक्षानं अहवाल पाठवला : 'या कार्यालयात एकही माणूस आजारी नाही.' वरून शाबासकी आली. खोटं काहीच नव्हतं त्यात. माणूस म्हणून वहीत कुणी उरलंच नव्हतं.

हसताय? हसा, हसा. परवा तुमची फटफटी चढावर जरा खोकली, तर दिवस मावळायच्या आत गॅरेजात नेलीत. आणि आत्ता माझा एवढा जिना चढून आलात, तर दारातच छाती चोळत उभे, वर म्हणता गॅस झालाय! साखर आठ वर्षांची आहे तुमची, वहिनींनी सांगितलंय मला. तेव्हा एवढं ऐका माझं. उद्या सकाळी फटफटी राहू द्या, स्वतःला दाखवून या.